प्रकल्प नोंदी: बागेतले रंगीत किडे आणि हातात धरलेल्या काचा

७ सप्टेंबर

आजपासून नोंदी सुरू. नियम दोनच, पन्नास दिवस फोटोसाठी बागेच्या बाहेर जायचं नाही आणि नवीन लेन्स घ्यायची नाही. सामान जे घरात आहे तेच: एपीएस-सी म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरचा जुना कॅमेरा, १८-५५ किट लेन्स, ५५-२५० झूम, दोन्हींचा थ्रेड ५८ मिमी त्यामुळे फिल्टर दोघींना चालतात, मग +१, +२, +४, +१० असा क्लोजअप फिल्टरचा सेट (लेन्सच्या तोंडावर लावायच्या भिंगासारख्या काचा), एक सीपीएल म्हणजे पोलरायझर, एक मॅन्युअल फ्लॅश, आणि बाबांचं १०एक्स भिंग जे मी घेतलंय हे बाबांना अजून माहीत नाही. टार्गेट तीस किडे. अट अशी की रंग डोळ्याला दिसतो तसाच फोटोत यायला हवा.

कोळी मोजायचे नाहीत, ते कीटक नाहीत, आठ पाय. तो उड्या मारणारा टपोऱ्या डोळ्यांचा कोळी कितीही गोड दिसला तरी नाही.

९ सप्टेंबर

दोन दिवस फक्त फिल्टर समजून घेण्यात गेले. +४ वगैरे जे लिहिलेलं असतं ते चष्म्याच्या नंबरासारखंच, डायॉप्टर. १ मीटरला त्या आकड्याने भागलं की काचेचं फोकल लेंग्थ मिळतं, आणि कॅमेरा लेन्स इन्फिनिटीवर ठेवली तर किडा फिल्टरपासून बरोबर तेवढ्याच अंतरावर शार्प होतो. +२ ला ५० सेंमी, +४ ला २५, +१० ला १०. आणि किती मोठा दिसणार ते म्हणजे लेन्सचं फोकल लेंग्थ भागिले फिल्टरचं. म्हणजे २५० मिमीवर +४ लावला की २५० भागिले २५०, सरळ १:१, म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा. ५५ मिमीवर +१० लावला तर ५५ भागिले १००, जेमतेम अर्ध्याच्या वर. मी इतके दिवस किट लेन्सवर +१० लावून किड्याच्या अंगावर सावली पाडत बसायचे आणि झूम बॅगेत पडून असायची, काय बोलणार.

१:१ ला माझ्या सेन्सरवर साधारण २२ मिमी रुंदीची जागा फ्रेमभर येते. म्हणजे मोठी मधमाशी अर्धी फ्रेम भरते आणि मुंगी हरवते.

अजून एक फायदा, एक्स्टेंशन ट्यूबसारखा (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायची पोकळ नळी) यात प्रकाश कमी होत नाही.

११ सप्टेंबर

कण्हेरीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा. पिवळाधमक आणि पाय काळे, असा मावा कण्हेरीवरच बघितलाय मी जास्त. आणि मावा आहे म्हणजे लेडीबर्ड येणारच, एक आलीच होती, लाल, दोन-दोन सेकंदाला थांबून मावा चावत होती. खाली तिची अळी पण होती, ती बघून कोणी म्हणणार नाही ही त्याच किड्याची पोर, छोटी मगर दिसते, काळी आणि त्यावर नारिंगी ठिपके.

फोटो मात्र बेक्कार. +४ आणि +१० दोन्ही एकावर एक लावले होते हावरटपणाने, आणि किड्याच्या पाठीला सगळीकडून जांभळी-हिरवी किनार. या सेटमधले फिल्टर एकाच काचेचे असतात, वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर फोकस होतात, त्यामुळे जिथे कडा तिथे किनार. दोन-तीन काचा जोडून केलेले ॲक्रोमॅट असतात त्यात हा त्रास बराच कमी होतो, रेनॉक्सचा डीसीआर-२५० त्याच जातीचा, +८ आहे. पण नियम म्हणजे नियम, घ्यायचा नाही. तात्पुरता उपाय: फक्त +४, ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक एफ/११ एवढं बारीक, आणि किडा फ्रेमच्या मध्ये, कारण कोपऱ्यात जास्त फाटतं. एफ/२२ पण करून बघितलं, किनार गेली पण डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे फार बारीक भोकातून प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो साबण लावल्यासारखा.

फिल्टर एकावर एक लावायचेच असले तर जास्त पॉवरचा लेन्सच्या बाजूला लावायचा. मी उलटे लावले होते. अर्धी चूक तिथे.

१२ सप्टेंबर

वारा. एकही फोटो नाही.

१४ सप्टेंबर

वाऱ्यावर उपाय मिळाला, कपडे वाळत घालायचा चिमटा. एक काठी जमिनीत खुपसायची, तिला चिमटा बांधायचा, आणि किडा ज्या फांदीवर बसलाय ती फांदी किड्यापासून जरा खाली हळूच चिमट्यात धरायची. दहातले सहा किडे उडून जातात. उरलेले चार स्थिर.

१५ सप्टेंबर

आज उलटी लेन्स. किट लेन्स काढायची, उलटी फिरवायची, आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी हाताने धरून ठेवायची. रिव्हर्स रिंग नावाची गोष्ट असते यासाठी, माझ्याकडे नाही, म्हणून हातच. उलट्या लेन्सचं गणित उलटं चालतं, ५५ ला कमी मोठं दिसतं आणि १८ ला प्रचंड मोठं. ॲपर्चरचा घोळ असा की लेन्स काढली की ते उघडंच राहतं, म्हणून आधी लेन्स सरळ लावून एफ/११ सेट करायचं, डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि ते दाबलेलं असतानाच लेन्स काढायची, मग पाती बंदच राहतात. तीन हात लागतात या कामाला, मला दोन आहेत.

लेन्सचा मागचा भाग किड्यापासून जेमतेम चार सेंमीवर येतो. एवढ्या जवळ कोण बसू देतं? झेंडूवरचा एक नाकतोडा बसला, पिल्लू होतं, पंख यायचे होते. त्याच्या डोळ्यावरचे पट्टे मी पहिल्यांदा बघितले. डोळ्याला उभे पट्टे असतात! सतराव्या फ्रेमला डोळा शार्प मिळाला, बाकी सोळांमध्ये मिशी शार्प, गुडघा शार्प, झेंडूची पाकळी शार्प.

१६ सप्टेंबर

कालची फुकटची मजा आज भरली. सेन्सरवर धूळ, आकाशाचा फोटो काढून बघितला तर अकरा डाग. साहजिकच आहे, कॅमेऱ्याचं तोंड उघडं टाकून मी झेंडूत घुसले होते, परागकण नाही तर काय येणार. ब्लोअरने नऊ गेले. दोन राहिले, ते आता माझे.

हाताने धरलेली लेन्स बंद.

१९ सप्टेंबर

पहाटे साडेपाचला उठले. टाचणी सापडली, चतुराची बारीक बहीण, बसताना पंख मिटून बसते ती. अंगभर दव. थंड असतात तोवर उडता येत नाही यांना, उन्हाने अंग तापलं की मग उठतात, तोपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं आपली.

आजची खरी कमाई म्हणजे डावा हात. कॅमेरा दोन्ही हातांनी धरायचा ही सवय मोडायची. डाव्या हाताच्या दोन बोटांत टाचणी बसलेली काडी धरायची, आणि लेन्सचं तोंड त्याच हाताच्या मनगटावर टेकवायचं. मग मी हलले तर काडी पण हलते, लेन्स पण हलते, पण दोघांतलं अंतर तेच. +४ ला मनगट पुरत नाही कारण अंतर २५ सेंमी, तेव्हा कोपर गुडघ्यावर आणि लेन्स हाताच्या मध्यावर, पोज बघून बाबा म्हणाले, "अगं, पाठ धरली का?"

ऑटोफोकस बंदच. लेन्स इन्फिनिटीला, आणि आपण स्वतः पुढे-मागे झुलायचं, अगदी श्वासाएवढं, आणि डोळा चमकला की दाबायचं. या मॅग्निफिकेशनला शार्प असतो अर्धा मिलीमीटर, कधी त्याहून कमी. माझा श्वास त्याच्यापेक्षा जास्त हलतो.

डोळे शार्प मिळाले. दोन डोळे डोक्याच्या दोन टोकांना, मध्ये केवढी जागा, डंबेलसारखे. डाव्या डोळ्यावर दवाचा एक थेंब आणि थेंबात उलटी बाग.

यादी: ६.

२२ सप्टेंबर

पोलरायझर काढला आज. झूमवर +४, त्याच्यापुढे सीपीएल. रिंग फिरवली की पानावरची पांढरी झळाळी जाते आणि खालचा हिरवा वर येतो, अख्खं पान धुतल्यासारखं. पण तिरकं बघितलं तरच, पानाच्या बरोबर समोरून बघितलं तर रिंग कितीही फिरवा काही होत नाही. दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश खातो तो वेगळाच, त्यामुळे फ्लॅशशिवाय हातात धरून १:१ ला विसरा.

आणि फ्लॅश लावला की सीपीएलचा उपयोग संपतो, कारण फ्लॅश समोरून येतो आणि त्याचा ठिपका किड्याच्या पाठीवर पांढरा जळका बसतो तो बसतोच. डिफ्युझर म्हणून ट्रेसिंग पेपरची पुंगी केली, किड्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी जवळ, ठिपका पसरून मऊ झाला. पण गेला नाही. चकचकीत भुंगेऱ्याच्या पाठीवर आता ठिपक्याऐवजी एक मोठा दुधी चौकोन. लेडीबर्डची निम्मी पाठ पांढरी. लाल कुठाय?

डोळ्याला दिसतो तसा रंग म्हणे. मीच लिहिलंय वर.

२६ सप्टेंबर

बंद पडलेल्या लॅपटॉपची स्क्रीन खोलली. प्रत्येक एलसीडी स्क्रीनवर पोलरायझिंग फिल्म चिकटवलेली असते, ती सोलायला संध्याकाळ गेली, मागचा गोंद काही केल्या निघेना, नखं गेली. तिचा एक चौकोन कापून फ्लॅशवर लावला. आता फ्लॅशमधून निघणारा प्रकाश एकाच दिशेने थरथरणारा, आणि लेन्सवरचा सीपीएल त्याला बरोबर आडवा फिरवला की पृष्ठभागावरून सरळ आपटून परत आलेला प्रकाश आत येऊच शकत नाही. आत शिरून, रंगद्रव्यात भटकून बाहेर पडलेला प्रकाश मात्र आपली दिशा विसरलेला असतो, त्यातला निम्मा येतो. थोडक्यात चमक गायब, रंग शिल्लक.

सेटिंगसाठी स्टीलचा चमचा वापरला. चमच्यातला फ्लॅशचा ठिपका पूर्ण विझेपर्यंत रिंग फिरवायची आणि तिथे फिल्टरवर पेनाने खूण. फ्लॅश १/३२ ताकदीवर होता तो १/४ वर न्यावा लागला, तीन स्टॉप गेले.

कण्हेरीवर लेडीबर्ड. क्लिक. असा लाल मी फोटोत कधीच बघितला नव्हता, पाठीवर एकही पांढरा ठिपका नाही, मॅट, खडूने रंगवल्यासारखा. वर चढवलेला चकाकीचा कागद काढून टाकावा तसा. बोट लावलं तर तिने गुडघ्यातून पिवळा थेंब सोडला, कडू असतो तो, पक्ष्यांसाठी. त्याचाही फोटो आला, थेंब पिवळा आणि त्यातही चमक नाही त्यामुळे थेंब वाटतच नाही, मेण वाटतं.

जाम खूश. वाटलं संपलं, आता सगळ्यांचे असेच काढायचे.

२९ सप्टेंबर

नाही संपलं.

पानांवर ती लांब पायांची हिरवी माशी असते ना, चिमुकली, अंग अगदी धातूचं, हिरवं-सोनेरी, मोठ्या पानावर इकडून तिकडे तुरुतुरु पळते. तिचा फोटो काढायचा म्हणजे आधीच कटकट, फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे प्रकाश आपोआप मोजून घेणारा, असला तर मुख्य फ्लॅशच्या आधी जो बारीक प्रीफ्लॅश पडतो तेवढ्यात ती उडते, फोटोत नुसतं पान. माझा फ्लॅश मॅन्युअल असल्यामुळे इथे गरिबी कामाला आली. चाळीसेक फ्रेममध्ये दोन चांगल्या.

आणि त्या दोन्हीत माशी काळी.

म्हणजे काळी म्हणजे काळीच, डांबर. कडेला कुठेतरी हिरव्याची एक रेघ. फिल्टर काढून परत काढला, हिरवी-सोनेरी. परत लावला, काळी. आधी वाटलं एक्सपोजर चुकलं पण पान व्यवस्थित हिरवं आहे दोन्हीकडे.

रात्री बसून विचार केल्यावर डोक्यात शिरलं. लेडीबर्डचा लाल हा रंगद्रव्याचा लाल, कॅरोटिनॉइड, गाजरात असतात त्या घराण्यातला. माशीच्या हिरव्यात हिरवं काहीच नाही. तिच्या कवचात पातळ थर एकावर एक आहेत आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून हिरवा तेवढा जोरात बाहेर पडतो, साबणाच्या फुग्यासारखं. म्हणजे तिचा रंग हीच तिची चमक. मी चमक काढली आणि रंग पण गेला. थरांच्या खाली आहे काळं मेलॅनिन, तेच दिसलं.

आता "डोळ्याला दिसतो तसा" याचं काय करायचं?

३० सप्टेंबर

यादीचे दोन रकाने केले. फिल्टर आडवा केल्यावर रंग राहतो ते डावीकडे, जातो ते उजवीकडे. प्रत्येक किड्याचे यापुढे दोन फोटो, एक साधा, एक आडव्या फिल्टरचा. तीसचं टार्गेट तसंच.

डावीकडे: लेडीबर्ड, तिची अळी, पिवळा मावा, नाकतोड्याचं पिल्लू, पिवळं फुलपाखरू (पंखांचा पिवळा टेरिन नावाच्या रंगद्रव्याचा).
उजवीकडे: लांब पायांची माशी, आणि कुंड्यांमागे भिंतीच्या भोकांत डोकावत फिरणारी निळी-हिरवी कुकू वास्प नावाची गांधीलमाशी, जिला त्रास दिला की अंगाचा गोळा करते. दुसऱ्या फोटोत दोघी काळ्या.

३ ऑक्टोबर

आजची नोंद लांब होणार.

गुलाबात हिरवा भुंगेरा घुसून बसलेला. फुलात तोंड, मागचा भाग वर, पराग खाण्यात इतका गर्क की मी पाकळी बाजूला केली तरी हलला नाही. धातूचा हिरवा, माशीपेक्षाही जास्त चकचकीत, त्यामुळे मी फोटो काढायच्या आधीच उजव्या रकान्यात लिहून मोकळी झाले.

आडवा फिल्टर. क्लिक. हिरवा.

चमचा आणला परत, ठिपका विझतोय, म्हणजे सेटिंग बरोबर. परत भुंगेरा. हिरवाच. थोडा गडद, पण हिरवा. मग हे काय, रंगद्रव्य? असं चकाकणारं?

तर गोष्ट अशी आहे आणि ती शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. अल्बर्ट मायकेलसन, प्रकाशाचा वेग मोजणारा, भौतिकशास्त्राचं नोबेल १९०७ चं, त्याने १९११ मध्ये लिहून ठेवलंय की एका धातूसारख्या चमकणाऱ्या भुंगेऱ्यावरून परतणारा प्रकाश वर्तुळाकार पोलराइझ झालेला असतो. साध्या पोलरायझेशनमध्ये लाट एका रेषेत थरथरते, यात ती मळसूत्रासारखी फिरत येते. या भुंगेऱ्यांच्या कवचातले थर नुसते एकावर एक नसतात, प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरा वळलेला असतो, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखा. असा जिना डावीकडे फिरणारा प्रकाश तेवढा परत पाठवतो. माझा आडवा फिल्टर एका रेषेतल्या प्रकाशाला अडवतो, फिरत येणाऱ्याला निम्मा तरी आत घ्यावाच लागतो. म्हणून हिरवा.

हे खरं की खोटं बघायला एक सोपी वस्तू आहे, थ्रीडी सिनेमाचा चष्मा. त्यातल्या ज्या जातीच्या चष्म्यांमध्ये एका डोळ्याला डावं वर्तुळ आणि दुसऱ्याला उजवं अशी विभागणी असते तसा एक आमच्या ड्रॉवरमध्ये होता. फ्लॅशवरची फिल्म काढली, सीपीएल काढला, आणि सावलीतल्या उजेडात चष्म्याची एक काच नुसती हाताने झूमच्या तोंडासमोर धरली. हिरवा. चष्मा सरकवला, दुसरी काच.

विझला. दिवा मालवावा तसा! तपकिरी-काळा भुंगेरा, शेजारी पाकळी गुलाबीच्या गुलाबी. पहिली काच, पेटला. दुसरी, विझला. मी पंधरा मिनिटं फोटो न काढता नुसती हे करत बसले होते. युरोपातला सिटोनिया ऑराटा नावाचा गुलाबावरचा हिरवा भुंगेरा यासाठी प्रसिद्ध आहे, माझा त्याच्याच कुळातला असावा असं शरीरावरून वाटतं, नाव नक्की करता आलं नाही.

बाबांना बोलावलं. त्यांनी चष्मा घातला, एक डोळा मिटला, मग दुसरा, मग परत पहिला, आणि काही न बोलता जाऊन बागेतला प्रत्येक चमकणारा किडा तपासायला लागले. माशी: दोन्ही काचांतून सारखी. कुकू वास्प: सारखी. चमचा पण तपासला त्यांनी.

रकाने आता तीन.

६ ऑक्टोबर

संध्याकाळी झारीने पाणी घालताना बाबांना दिसलं, मला नाही. तुळशीच्या मागे एक वाळकी काडी आहे, तिला चार मधमाश्या लटकलेल्या. मेल्या वाटल्या. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येकीने काडी जबड्यात घट्ट चावून धरलीये, पाय पोटाशी दुमडलेले, अंग हवेत आडवं. झोपल्यात. निळ्या पट्ट्यांची मधमाशी, अमेजिला, दिवसा तुळशीवर येते ती, पण दिवसा ती एका फुलावर सेकंदभर थांबत नाही, माझ्याकडे तिचे फक्त धुरकट फोटो. पट्टे मोजले, पाच. म्हणजे नर, मादीला चार असतात आणि ती जमिनीतल्या बिळात झोपते. हे सगळे बिनघरचे पुरुष.

मोबाईलच्या टॉर्चवर फोकस, फ्लॅश १/१६, फिल्टर काही नाही, डावा हात काडीला न लावता काठीवर टेकवून. निळा असा आला की काय सांगू. पट्टे म्हणजे आखूड केसांच्या रांगा आहेत, दाट, आणि पट्ट्याच्या कडेला निळा हिरव्याकडे झुकतो. डोळ्यांवर पराग चिकटलेला, सोळा कण.

आठ फ्रेम स्टॅकसाठी, म्हणजे वेगवेगळ्या जागी शार्प असलेले फोटो जोडून एक करण्यासाठी, काढल्या, प्रत्येक फ्रेमला केसभर पुढे झुकत. झोपलेला किडा हलत नाही त्यामुळे सॉफ्टवेअरने बिनतक्रार जोडल्या. जिवंत किड्याचा हातातला स्टॅक पहिल्यांदा जमला.

काही लोक किडे फ्रीजमध्ये ठेवून गारठवतात आणि मग आरामात फोटो काढतात. मला ते आवडत नाही, आणि इथे तर ते स्वतःहून झोपलेत, फक्त आपण संध्याकाळी तिथे असायला हवं.

७ ऑक्टोबर

त्याच काडीवर परत. पाच.

९ ऑक्टोबर

गारवेलीच्या पानाला गोल-गोल भोकं होती म्हणून पान उलटलं, तर टॉर्टॉइज बीटल, कासवकिडा. पारदर्शक काचेची ताटली पालथी घालावी आणि तिच्याखाली सोन्याचा थेंब ठेवावा तसा. हा सोनेरी रंग टिकत नाही, कवचाच्या थरांतल्या ओलाव्यावर अवलंबून आहे, किडा मेला आणि सुकला की सोनं जाऊन तपकिरी राहतं, संग्रहातले म्हणूनच तसे दिसतात. काही जाती तर त्रास दिला की जिवंतपणीच रंग बदलतात.

म्हणून अजिबात हात लावला नाही. साधा फोटो घेतला, आडव्या फिल्टरचा घेतला (सोनं गेलं, उजवा रकाना), चष्म्याचा घ्यायला काच पुढे केली तर सावली पडली आणि तो पाय आत घेऊन पानाला असा चिकटला की फक्त ताटली दिसत होती. तिसरा फोटो नाही. चालेल.

१० ऑक्टोबर

चष्म्याच्या काचेला ओरखडा. माझाच.

१३ ऑक्टोबर

बाबांनी बाग साफ केली.

मी दुपारी झोपले होते. उठून बघते तर तुळशीमागची सगळी वाळकी काटकी कापून, गोळा करून, कोपऱ्यात ढीग. ती काडी पण त्यातच. बाबांना माश्या माहीत होत्या, काडी कुठली ते माहीत नव्हतं, त्यांना वाटलं ती अजून पुढची. "अगं मला सांगायचं नाही का, तिला दोरा तरी बांधून ठेवायचास." बरोबर आहे, चिमटा पडलेला होता की माझ्याकडे, एक लावला असता.

साडेपाचला माश्या आल्या. जिथे काडी होती त्या हवेत, नेमक्या त्या उंचीवर, दोघी-तिघी घिरट्या घालत होत्या. (माश्या म्हणतेय, नर आहेत, असो.) मग पांगल्या. कॅमेरा उचललाच नाही मी.

१४ ऑक्टोबर

ढिगातून सकाळी काडी शोधून काढली, ओळखू आली कारण चावून-चावून एका जागी साल गुळगुळीत झालंय, भिंगातून दिसतं. त्याच जागी परत खुपसली. उंची अंदाजाने, फोटोतल्या तुळशीच्या पानाशी जुळवून. बाबांनी बुडाशी दोन दगड लावले.

संध्याकाळी कोणी नाही.

१५ ऑक्टोबर

कोणी नाही. दिवसा कण्हेरीवर लेडीबर्डच्या अळीचा कोष झालेला दिसला, नारिंगी. तो आधीच्याच नावाखाली.

१८ ऑक्टोबर

दोन दिवस पाऊस होता. आज ढगाळ, आणि ढगाळ म्हणजे रंगांसाठी उत्तम, आख्खं आकाशच डिफ्युझर. फ्लॅशशिवाय आयएसओ १६०० वर बरेच काढले, उंचीला फूटभर असलेल्या झुडपांवर. हिरवा प्रार्थनाकीटक मिळाला, त्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका असतो आणि आपण कुठेही गेलो तरी तो आपल्याकडेच बघतो. ती बाहुली नाही, डोळ्याच्या ज्या बारीक नळ्या बरोबर आपल्या दिशेने रोखलेल्या आहेत त्या प्रकाश गिळतात म्हणून काळ्या दिसतात. आडव्या फिल्टरने हिरवा तसाच. डावा रकाना.

पानांचा हिरवा उजेड किड्यांच्या पोटाखाली येतो त्याने पांढरा रंग हिरवट होतोय, ग्रे कार्डचा (रंग नंतर जुळवायला वापरायचा राखाडी पुठ्ठा) एक फोटो प्रत्येक झाडाशी घ्यायला सुरुवात केली. आधीच करायला हवं होतं. रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल आहेत म्हणून निभावलं.

यादी: २३.

२१ ऑक्टोबर

फिल्टरची काच पुसताना +४ हातातून निसटून फरशीवर. तडा नाही पण कडेला टवका. कडा तशीही फाटत होती.

२४ ऑक्टोबर

तीस होणार नाहीत. आज जमिनीवर एक मुंगी बघितली, साधी काळी, आणि उगाच आडव्या फिल्टरने काढली. चमक गेल्यावर तिचा काळा हा काळा नाही, गडद लालसर तपकिरी निघाला, पायांच्या सांध्याशी तर चक्क मधासारखा. रंगीत किडे शोधताना हिला मी मोजलीच नव्हती. २६.

२६ ऑक्टोबर

पन्नासावा दिवस. दिवसभर काही केलं नाही, फाइली नावं देऊन लावल्या: २६ किडे, त्यातले १७ डावीकडे, ८ उजवीकडे, मधल्या रकान्यात एकटा गुलाबातला भुंगेरा.

संध्याकाळी बाबांनी झारी खाली ठेवली आणि लांबूनच हात केला. काडीवर तीन. दोन जुन्याच उंचीवर, गुळगुळीत जागी. तिसरा त्यांच्या वर, मी काडीला आधार म्हणून लावलेल्या चिमट्याच्या तारेला चावून झोपलेला.

टॉर्च बाबांनी धरला. फ्लॅश १/१६, +४, फिल्टर नाही. तारेवरच्याचे अकरा फोटो.